सोळा आठवडे पाच दिवस

मंगळवारी सकाळी चार नंबरच्या ड्रमवर माझा हात थांबला. नमुना काढायची स्टीलची दांडी हातात, ड्रममधल्या पिशवीचं तोंड सोडलेलं, आत पांढरी भुकटी, खायच्या सोड्यापेक्षाही गरीब स्वभावाची. आणि मी दांडी खुपसायच्या ऐवजी नुसती धरून उभी. रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी पंधरा वर्षं क्वालिटी कंट्रोलला आहे. आलेला माल आणि गेलेला माल यांच्यामध्ये मी उभी असते आणि दोघांच्याही पोटातून थोडं थोडं काढून घेते. या कामात हात थांबण्यासारखं काही नसतं. गुणाजी, आमचा ड्रम उघडणारा आणि बांधणारा, पुढल्या वर्षी रिटायर होणारा माणूस, जरा वेळ वाट बघून म्हणाला, "मॅडम, पिशवी उघडी हाय. माल ओल धरील."

"घालते."

"का मी घालू?"

"नको."

"मग घाला, नाय तर बांधतो. मधलं काय नसतं ह्यात."

मी दांडी घातली, फिरवली, काढली, भुकटी बाटलीत ओतली, लेबल लावलं. आणि मग लक्षात आलं की या सगळ्या वेळात दुसरा हात, हातमोज्यासकट, माझ्या पोटावर होता. गुणाजीनेही ते पाहिलं असणार. त्याला चार नातवंडं आहेत. त्याने पिशवीचं तोंड नेहमीपेक्षा जास्त घट्ट बांधलं आणि पाचव्या ड्रमकडे वळला. कंपनीला मी अजून कळवलं नव्हतं. कंपनीला काही कळवायचं म्हणजे तीन प्रतींत कळवावं लागतं, आणि माझ्याजवळ तेव्हा एकाही प्रतीत लिहिण्यासारखं काही पक्कं नव्हतं.

माझ्याजवळ होता एक आकडा. चौऱ्याऐंशीत एक. बाराव्या आठवड्यात रक्त दिलं, त्याचा रिपोर्ट फोनवर आला, आणि तळाशी लाल चौकटीत हे लिहिलेलं: बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता चौऱ्याऐंशीत एक. अडीचशेत एकपेक्षा जास्त शक्यता असलेल्या सगळ्यांना लाल चौकट मिळते. माझं वय एकोणचाळीस, त्यामुळे चौकट अर्धी वयानेच रंगवलेली होती. पेणच्या दवाखान्यात मुंबईच्या एक डॉक्टर महिन्यातून दोन गुरुवारी येतात, त्यांनी अतिशय शांतपणे समजावलं की ही तपासणी म्हणजे नुसती चाळणी. खरं काय ते कळायला पोटातून सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढावं लागतं. त्या सुईने मूल पडण्याची शक्यता तीनशेत एक. काही अभ्यास पाचशेत एक म्हणतात, काही हजारात. आधी अजून एक रक्ताची तपासणी करून पाहू, असं त्या म्हणाल्या. ती मी केली. दहा दिवसांनी उत्तर आलं, नमुना अपुरा, पुन्हा पाठवा. पंधरा वर्षं मी लोकांच्या मालावर हा शेरा मारत आले. माझ्या स्वतःच्या रक्तावर तो पहिल्यांदाच वाचला. सबंध वाक्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

चौऱ्याऐंशी आणि तीनशे. सहावीतल्या पोरालाही कळेल की चौऱ्याऐंशीचा धोका मोठा, म्हणून सुई घ्यावी. पण हे दोन आकडे एका तराजूत बसत नाहीत. चौऱ्याऐंशीतला एक आधीच ठरलेला आहे. तो आत बसून आहे किंवा नाही, माझ्या काही करण्याने तो बदलायचा नाही. तीनशेतला एक मात्र मी जाऊन आणायचा. नऊ वर्षांच्या लग्नात माझी दोन मुलं गेली, एक नवव्या आठवड्यात, एक अकराव्या. दोन्ही आपणहून, कुणी काही न करता. तेव्हा सगळे म्हणाले, तुझा काय दोष. या वेळी गेलं तर तेही म्हणतील, पण जरा थांबून म्हणतील. मी त्या थांबण्याला घाबरत होते.

आणि शिवाय ड्रम नंबर सातची गोष्ट आहे. चारेक वर्षांपूर्वी, जुलैत, एका महागड्या मालाच्या नमुन्यात पाण्याचं प्रमाण जास्त आलं. सबंध ड्रम नापास. चौकशी बसली, तीन दिवस चालली, आणि निघालं असं की माल आला तेव्हा ठणठणीत कोरडा होता; तपासायला म्हणून आम्ही पिशवी उघडली, फोन आला म्हणून चार मिनिटं उघडी ठेवली, आणि तेवढ्यात त्याने हवा पिऊन घेतली. तपासणीनेच त्याला नापास केलं. 'मूळ कारण' या रकान्यात 'मानवी चूक' असं लिहून मी खाली सही केली. तो मानव मीच होते, पण फॉर्ममध्ये मानवाचं नाव विचारत नाहीत. मूल म्हणजे ड्रम नव्हे, हे मला कळतं. पण पंधरा वर्षं एकाच भाषेत पगार घेतला की स्वप्नंही त्याच भाषेत पडायला लागतात. शंभर ड्रम आले तर किती उघडायचे याचं आमच्याकडे एक सूत्र आहे: वर्गमूळ काढा, एक मिळवा. शंभराला अकरा. रोह्याला लागून असलेल्या वरश्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून मी एकदा ते एकाला लावून पाहिलं. एकाचं वर्गमूळ एक, अधिक एक, दोन. एकच ड्रम असेल तर दोन उघडावेत. सूत्रात चूक आहे; कुणाच्या लक्षात आली नाही, कारण कंपनीत कुणाकडे एकच असत नाही.

इरशाद, माझा नवरा, कुवेतला आहे. वर्षातून पंचेचाळीस दिवस घरी येतो. नऊ वर्षांचे जोडून पाहिले तर आमचा संसार जेमतेम तेरा महिन्यांचा होतो, म्हणजे आम्ही तसे नवविवाहितच. बुधवारी त्याने जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल केला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे कुणीतरी लोखंड कापत होतं.

"मग काय करतेस?"

"तू सांग काय करू."

"मी काय सांगणार? तू सायन्सवाली. तुला कळतं तेवढं मला कुठं कळतं?"

"कळत नाही म्हण, पण काहीतरी वाटत असेल ना?"

"मला तू बरी राहावीस वाटतं."

"ते सोडून."

"ते सोडून म्हणजे?" तो खरंच विचारात पडला. हेल्मेटखालून घामाचा एक थेंब त्याच्या नाकापर्यंत आला आणि थांबला. "बघ, तू जे ठरवशील ना हुदा, त्याला माझी फुल्ल साथ हाय. हाय म्हणजे हाय." मग मागचं लोखंड कापणं इतकं वाढलं की साथ ऐकू येईना.

डॉक्टरही तेच म्हणाल्या होत्या, जास्त शुद्ध मराठीत. "निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. आम्ही माहिती देतो, दिशा देत नाही." मी विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर? त्या हसल्या, हे हसणं त्यांना शिकवलेलं असावं, आणि म्हणाल्या, "मी तुमच्या जागी नाही, हेच महत्त्वाचं आहे." मी मान डोलावली. माझ्या निर्णयाचा सगळ्यांनी इतका आदर केला की त्याच्या आसपास उभं राहायला कुणी उरलं नाही. डॉक्टरांनी फक्त एक गोष्ट वहीत लिहून घ्यायला लावल्यासारखी सांगितली: सुई घेण्याआधी एवढं ठरवा, की निकाल वाईट आला तर तुम्ही काय करणार. दोन्ही निकालांवर एकच करणार असाल, तर सुई कशाला? हे मला लगेच पटलं. आमच्याकडे प्रत्येक बॅच तपासतात आणि प्रत्येक बॅच जाते. नापास झाली की तिच्यावर तीन सह्या होतात, तिला 'सवलतीत मंजूर' म्हणतात आणि ती जरा कमी चिकित्सक गिऱ्हाइकाकडे जाते. तिथे मी कधी विचारलं नव्हतं, की मग तपासलं कशाला.

निकाल वाईट आला तर. हा विचार मी सुरू करायचे आणि तो दर वेळी जुहेबपाशी जाऊन थांबायचा. जुहेब माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा मुलगा, चौतीस वर्षांचा. रोह्याच्या एसटी स्टँडवर त्याला सगळे ओळखतात. गाडी लागली की तो फलाटावर उभा राहून पाटी न वाचता सांगतो, मुरूड, अलिबाग, नागोठणे. वाचता येत नाही, ड्रायव्हर ओळखीचे आहेत. मला पाहिलं की दोन्ही हातांनी माझा हात धरतो आणि विचारतो, "हुदाआपा, चाय पिलीस?" पिले म्हटलं तरी पाजतो. त्याच्याइतकं आनंदाने मला या तालुक्यात कुणी भेटत नाही. डाऊन सिंड्रोम हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा मी एमएस्सीला असताना आणला. त्याआधी तो नुसता जुहेब होता. त्याचं सगळ्यांना कौतुक आहे, शेवटची गाडी सुटेपर्यंत. मग तो खालाचा. त्याचं हृदयाचं दुखणं खालाचं, दाढी करणं खालाचं, चिडला की दारं आपटणं खालाचं. खाला सत्तरीला आली. गुडघे गेलेत, डोळ्यात मोतीबिंदू. मागल्या ईदला म्हणाली, "सगळ्या माझ्या वयाच्या निघाल्या गो. मलाच फुरसत नाय." आम्ही हसलो. मीही हसले. घरी येताना हिशेब केला: माझं मूल चौतीस वर्षांचं होईल तेव्हा मी त्र्याहत्तर. इरशाद अठ्ठ्याहत्तर, तोवर कंपनीने सोडलं असेल तर. जुहेबला बहीण आहे. माझं हे एकच.

म्हणजे मला उत्तर माहीत होतं. पण माहीत असणं आणि ते कुठल्याशा भाषेत म्हणणं यात अंतर असतं, आणि त्या अंतरात मी तीन आठवडे राहिले. नमाजाला बसले की ते आठवायचं, म्हणून बसणं लांबवायची. मग त्याची लाज वाटायची. दुपारी प्रयोगशाळेत एखादा नमुना उकळत असताना पोटात काहीतरी बुडबुड्यासारखं हललं असं वाटायचं. पुस्तकाप्रमाणे इतक्यात हलत नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला बाहेरून काय कळणार, असंही वाटायचं. मी बुडबुड्याला म्हणायची, थांब जरा. कशासाठी थांब ते सांगायची नाही.

गुरुवारी मी कंपनीत रजा टाकली आणि सासूबाईंना, म्हणजे इरशादच्या आईला, अजीजाबींना फोन करून सांगितलं की आज ऑडिट आहे, फोन उचलता येणार नाही. त्या नागोठण्याला थोरल्या मुलाकडे असतात. मूल राहिलंय एवढं त्यांना ठाऊक होतं. चौऱ्याऐंशी ठाऊक नव्हते. रोह्याहून पेणची एसटी नागोठण्यावरून जाते. त्यांचं घर स्टँडपासून हाकेवर, म्हणून मी गाडी थांबली तेवढा वेळ ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतली आणि एकोणचाळीस वर्षांची बाई सीटवर जेवढी लहान होऊ शकते तेवढी झाले. पुढे महामार्ग लागला. तो माझ्या लग्नाआधीपासून होतोय. खड्ड्यागणिक मी दोन्ही हातांनी पोट धरत होते आणि मनात म्हणत होते, तीनशेत एक हा आकडा नेमका कुठल्या देशातल्या रस्त्यावर काढला आहे, हे डॉक्टरांना विचारायला हवं.

दवाखान्यात कागदांचा एक गठ्ठा भरायचा होता. त्यात एका ठिकाणी मला मुलगा आहे की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही, अशी सही करायची होती. या सगळ्या प्रकरणात खरोखरच जे जाणून घ्यायचं नव्हतं ते एवढंच, आणि सही तेवढ्याचीच मागत होते. मी झरझर भरत गेले. फॉर्म भरण्यात मी कुठेही कमी पडत नाही. मग मालतीबाई, तिथल्या सिस्टर, कागद उलटून म्हणाल्या, "सोबत कोण आहे?"

"कुणी नाही."

"बाहेर थांबलेत का?"

"कुणी आलेलंच नाही."

"मग कसं जमायचं हो? नंतर पोटात कळ आली, चक्कर आली, तर? मोठं माणूस पाहिजे. नियम आहे."

"मी सही करते ना, माझ्या जबाबदारीवर."

"तुमच्या जबाबदारीवर तुम्हीच चक्कर येऊन पडणार, मग जबाबदारी कुणाची?" मालतीबाईंनी हे अगदी सरळपणे विचारलं आणि माझे कागद बाजूला ठेवले. "दोनपर्यंत मॅडम आहेत. बोलवा कुणाला तरी. नाही तर पुढचा गुरुवार पंधरा दिवसांनी."

मी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. एकशे शहाऐंशी. त्यांत कंपनीचे एकशे दहा, गॅसवाला, पाणीवाला, इस्त्रीवाला. दोनदा वरून खाली गेले. मग अजीजाबींना लावला.

"अम्मी, मी पेणला आहे. दवाखान्यात."

"तू तर कंपनीत होतीस."

"नव्हते."

पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं. ते बंद झालं. "पोर हाय ना?"

"आहे."

"मग येते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सव्वा तासाने आल्या. धापा टाकत, कोपरापर्यंत बाही ओली, हातात कापडी पिशवी. पिशवीत त्यांचं आधार कार्ड, माझ्या निकाहनाम्याची झेरॉक्स आणि इरशादच्या पासपोर्टची झेरॉक्स. सरकारी असो की खाजगी, कुठेही जाताना त्या एवढं घेऊन जातात. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी मला खालून वर पाहिलं. खोटं बोलल्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत. ते नंतरसाठी ठेवलं असणार. मी सगळं सांगितलं. चौऱ्याऐंशी सांगितले, तीनशे सांगितले.

"सुई घालून पाणी काढतात? कसलं पाणी?"

"ज्यात ते असतं ते."

"त्याचं पाणी काढतात?"

"थोडंसं. चार चमचे."

"परत भरतं?"

"भरतं."

"जुहेबसारखं हाय का ते बघायला?"

मी मान डोलावली. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "आणि ते तीनशेत एक. कुणाच्या तीनशेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाच्या हातचे तीनशे? हिच्या का आणखी कुणाच्या?"

मला माझी लाज वाटली. पंधरा वर्षांत मी कुठलाही रिपोर्ट 'तपासणारा कोण' हे पाहिल्याशिवाय पुढे सरकवलेला नाही. आमच्याकडे माणसागणिक चुकांची नोंद ठेवतात. आणि इथे मी जगभरातल्या दवाखान्यांची सरासरी उशाशी घेऊन तीन आठवडे झोपत होते. अजीजाबी उठल्या, केबिनचं दार ढकललं आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "डाक्टरीण, तुमच्या हातनं किती पडली?"

मालतीबाई धावल्या. डॉक्टरांनी त्यांना हातानेच थांबवलं. त्यांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर शिकवलेलं काही नव्हतं.

"सहा," त्या म्हणाल्या.

"कितींत?"

"एकवीसशेच्या वर. तो आकडा नेमका नाही सांगता येणार. सहा नेमक्या आठवतात."

"बरं," अजीजाबी म्हणाल्या, आणि बाहेर येऊन पुन्हा खुर्चीत बसल्या. "मला विचारशील तर नको."

"मी विचारलं नव्हतं, अम्मी."

"म्हणून सांगतेय. तुला इतक्या जणांनी काय सांगितलं नाय, एकीनं तरी सांगावं. माझं नको. आता तुला काय करायचं ते कर, मी हाय बसलेली." आणि 'सोबत आलेली व्यक्ती' या रेघेवर त्यांनी उजवीकडून डावीकडे, उर्दूत, सावकाश सही केली.

आत सोबतीला येऊ देत नाहीत. टेबल थंड होतं. डोक्याच्या बाजूला सोनोग्राफीचा पडदा, त्यावर ते. चेहरा नव्हता, कणा होता, मोत्यांची माळ कुणी वाकवून ठेवावी तसा. एक हात वर केलेला. डॉक्टर म्हणाल्या, हलू नका. सुई पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखी आली. हात खाली झाला, त्याने जागा दिल्यासारखा. पण तसं काही नसतं, हेही मला त्याच क्षणी सुचलं. आत कुठेतरी मूठ आवळल्यासारखं दुखलं. दीड मिनिट. मग सिरिंज उजेडात आली. सवयीने मी पाहिलं: पारदर्शक, फिकट पिवळं, तळाशी गाळ नाही. एवढे रकाने मला भरता आले असते. "त्याचे ठोके?" मी विचारलं. डॉक्टरांनी आवाज मोठा केला. घाईत कुणी जिना चढावा तसे ठोके. ते मी ऐकले आणि पहिल्यांदाच वाटलं की खोलीत मी नको होते. मी नसते तर त्याला बरं पडलं असतं.

नंतर पाऊण तास डाव्या कुशीवर पडायला सांगितलं. लहान खोली, एक खाट, एक स्टूल. अजीजाबी स्टुलावर. खाली रस्त्यावर रिक्षावाला जोहे गावच्या सीटा भरत ओरडत होता. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आता सांग. कागद वाईट आला तर?"

हे डॉक्टरांनीही विचारलं होतं. पण उत्तरासाठी थांबणाऱ्या या पहिल्याच. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "नाही ठेवणार, अम्मी."

माझा आवाज गिऱ्हाइकाला रिपोर्ट वाचून दाखवते तसा आला. मला वाटलं, त्या उठतील. मी त्यांच्या जागी असते तर उठले असते. स्टूल वाजलं नाही. मग मागे बारीकशी हालचाल जाणवली म्हणून मी मान वळवली. त्या अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत होत्या. तसबीचा जप नव्हता, त्या दिवस मोजत होत्या. आमच्यात एकशेवीस दिवस म्हणतात. त्या दिवशी त्याच्यात रूह, म्हणजे जीव, फुंकली जाते. त्यानंतर हात लावायचा नाही. त्याआधी लावावा की नाही यावरही मोठ्यांत एकमत नाही, पण त्यानंतर नाही यावर आहे. मी हे कुणाला विचारायला गेले नव्हते. विचारलं असतं तर कुणीतरी उत्तर दिलं असतं.

"किती दिवसांचं म्हणाली ती?"

"सोळा आठवडे पाच दिवस."

"दिवसांत सांग."

"एकशे सतरा."

अंगठा थांबला.

"डॉक्टर लोक पाळीपासून मोजतात, अम्मी. त्यात चौदा दिवस आधीचे. तेव्हा ते नसतंच."

अंगठा पुन्हा सुरू झाला, मागे आला, पुढे गेला. "म्हणजे एकशे तीन."

"हो."

"सतरा उरले."

"हो."

"कागद कधी येतो?"

"एक कच्चा येतो, चार-पाच दिवसांत. पक्का तीन आठवड्यांनी."

हा हिशेब मी कधीच केला होता. तरी त्यांना करू दिला. पेरं एकेक करून संपली, दुसरा हात घेतला. खालची रिक्षा भरून निघून गेली.

"कच्च्यावर भागेल?"

"भागेल."

त्यांनी मान डोलावली नाही, माझा हात धरला नाही. उठून स्टूल खाटेला चिकटवलं, आणि माझ्याकडे पाठ, दाराकडे तोंड करून बसल्या.